आपत्ती, दान आणि वाटा : एक चिंतन



या पुस्तिकेच्या आधीच्या पानांवर आपणांस दर्शनाच्या वेळा, अभिषेक व अन्नदानाची व्यवस्था, भक्तनिवासाचे नियम आणि वार्षिक उत्सवांची माहिती मिळाली असेल. पुढील पाने मात्र माहितीसाठी नाहीत. एका भाविकाने कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहून मला एक प्रश्न विचारला होता. त्या वेळी मी जे काही बोललो ते उत्तर नव्हते. कार्यालयात इतकी वर्षे काढल्यावर बोलून वेळ निभावून नेण्याची सवय लागते, तसे ते बोलणे होते. तो प्रश्न मात्र मनातून गेला नाही. विश्वस्त मंडळाच्या अनुमतीने तो येथे आपणांपुढे ठेवीत आहे.

प्रसंग 2025 च्या शारदीय नवरात्रातला. 22 सप्टेंबरला घटस्थापना झाली आणि त्याच आठवड्यात सोलापूर, धाराशिव, बीड या जिल्ह्यांत पावसाने कहर केला. सीना नदी पात्र सोडून माढा, मोहोळ, करमाळा या तालुक्यांतील गावांत शिरली. परंडा, भूम या बाजूला अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. ज्या मुलखाला आपण जन्मभर दुष्काळी म्हणत आलो, जेथे पाण्याचे टँकर जातात असे दर उन्हाळ्यात वाचत आलो, तेथे उभ्या पिकासह शेतातली माती वाहून गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला. गेलेले पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येते. माती गेली तर कोणाच्या दाराशी जाऊन ती मागावी?

विश्वस्त मंडळाची तातडीची सभा झाली. नवमीचा महाप्रसाद साधा करावा, पुरणपोळीचा बेत रद्द करून भात, आमटी व भाजी एवढेच ठेवावे, आणि वाचलेला गहू, तांदूळ, हरभराडाळ, गूळ व तेल पूरग्रस्त भागाकडे रवाना करावे, असा ठराव एकमताने संमत झाला. इतिवृत्त मीच लिहिले. टेम्पो भरला, त्यावर कापडी फलक बांधला, फलकासमोर उभे राहून छायाचित्र काढले. आपण काही चांगले केले, या समाधानात आम्ही सर्वजण होतो.

नवमीच्या दुपारी पंगत उठल्यावर साठीच्या घरातले एक गृहस्थ खिडकीशी आले. त्यांच्या हाती देणगीची पावती होती. कैलासवासी मातोश्रींच्या स्मरणार्थ नवमीच्या महाप्रसादासाठी, असे त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. आवाज न चढवता ते म्हणाले, "पूरग्रस्तांसाठी मी माझ्या परीने वेगळे दिलेले आहे. हे पैसे आईच्या नावाने गोडाच्या जेवणासाठी दिले होते. चाळीस नातेवाईक घेऊन आलो. तुम्ही माझ्या आईच्या नावाचा घास मला न विचारता दुसऱ्याच्या पानात वाढलात. तो अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

मी म्हणालो, "विश्वस्त मंडळाचा ठराव झालेला आहे. आपली काही तक्रार असल्यास लेखी अर्ज द्यावा."

ते अर्ज न देता निघून गेले.

आरंभी मला त्यांचा रागच आला, हे लपवीत नाही. माणसे चिखलात उभी आहेत आणि यांना पुरणपोळी आठवते, असे मी घरी येऊन बोललोही. पत्नी एवढेच म्हणाली, "पावतीवर त्यांचा फोन नंबर होता ना?" होता. पावती पुस्तकाच्या स्थळप्रतीवर तो आजही आहे.

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात मुंगसाची कथा आहे. आपल्यापैकी अनेकांनी ती कीर्तनात ऐकलेली असेल. युधिष्ठिराचा अश्वमेध थाटात पार पडतो, सर्व दिशांना त्याच्या दानाची वाहवा होते, आणि बिळातून एक मुंगूस बाहेर येते. त्याचे अर्धे अंग सोन्याचे आहे. ते म्हणते, हा यज्ञ कुरुक्षेत्रातील त्या ब्राह्मणाच्या मूठभर सातूच्या पिठाच्या बरोबरीचा नाही. दुष्काळाच्या दिवसांत शेतात सांडलेले दाणे वेचून जगणारे ते कुटुंब होते. पती, पत्नी, मुलगा आणि सून अशा चौघांनी पीठ सारखे वाटून घेतले, तोच दारी भुकेला अतिथी आला. ब्राह्मणाने आपला वाटा दिला, तरी अतिथीची भूक शमली नाही.

कथाकार बहुधा येथून वेगाने सुवर्णदेहाकडे जातात. मूळ कथा येथे रेंगाळते. पत्नी म्हणते, माझा वाटा द्या, आणि ब्राह्मण तो घेण्यास तयार होत नाही. ती उपाशी आहे, अशक्त आहे, तिच्या पोषणाचा भार आपल्यावर आहे, मग तिच्या तोंडचा घास काढून मी पुण्य कसे जोडू, असे तो म्हणतो. ती आपला अधिकार सांगते तेव्हा कोठे तो मान्य करतो. पुढे मुलाच्या वाट्यापाशी तेच घडते, सुनेच्या वाट्यापाशी तर त्याहून अधिक. त्या घरात चार वाटे होते आणि चार जणांनी ते स्वतःहून दिले. कर्त्या पुरुषाने घराचा ठराव केला नाही.

ही कथा मी लहानपणापासून ऐकत होतो. त्यातील ही गोष्ट मला त्या गृहस्थांनी दाखविली.

याविरुद्ध कोणी दामाजीपंतांचे उदाहरण देईल, आणि आमच्या सभेत एका ज्येष्ठ विश्वस्तांनी ते दिलेही होते. दुर्गादेवीच्या दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बेदरच्या बादशहाची धान्यकोठारे लोकांसाठी खुली केली, ही कथा महिपतींच्या भक्तविजयामुळे घरोघरी पोहोचली आहे. ते धान्य दामाजीपंतांचे नव्हते. ज्याचे होते त्याला विचारलेही नव्हते. तरीही शतकानुशतके आपण त्यांना वंदन करीत आलो. मग आमच्या ठरावात वावगे काय?

यावर मी पुष्कळ विचार केला. दामाजीपंतांनी परक्याचे धान्य दिले, तेव्हा सोबत आपली मानही पुढे केली होती. बादशहाचे बोलावणे येणार आणि त्यातून परतणे कठीण, हे त्यांना ठाऊक होते. कथेत विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने जाऊन कोठारांचे मोल भरले. म्हणजे भक्तिकथेनेसुद्धा ते देणे माफ केले नाही, ते फेडले गेले. आम्ही कोणते मोल भरले? आमच्यापैकी एकाच्याही घरी त्या नवमीला पुरणपोळी चुकली असेल असे वाटत नाही. माझ्या घरी तर चुकली नव्हती.

आणि आपल्या तालुक्याच्या शेजारीच देहू आहे. 1630 च्या सुमाराच्या महादुष्काळाने तुकोबांचे घर उद्ध्वस्त केले, त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा त्यात गेले. घराण्याकडे महाजनकी होती आणि लोकांकडील येणे दाखविणारी खते होती. परंपरा सांगते की ती सर्व खते तुकोबांना इंद्रायणीत बुडवावयाची होती, परंतु धाकटे बंधू कान्होबांनी आपल्या संसाराची अडचण सांगितली. तुकोबांनी खतांचे दोन भाग केले, कान्होबांचा अर्धा त्यांच्या हाती दिला आणि स्वतःचा अर्धा डोहात सोडला. एवढ्या मोठ्या वैराग्याच्या क्षणीही भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. कान्होबांना त्यांनी संसारी म्हणून हिणवल्याचेही कोठे ऐकिवात नाही. मी मात्र त्या गृहस्थांना मनातल्या मनात हिणविले होते.

येथे नियमांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. आपले देवस्थान 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेले आहे. ज्या कारणासाठी देणगी स्वीकारली, त्याच कारणासाठी ती खर्च व्हावी, हे तत्त्व अशा कारभाराच्या मुळाशी असते. लोक याला सरकारी किचकटपणा म्हणतात. मला ते अनोळखी माणसाने ठेवलेल्या विश्वासाचे कुंपण वाटते. संकट मोठे असले की कुंपण ओलांडावेसे वाटते आणि कधी ओलांडावेही लागते. प्रश्न एवढाच की ओलांडणाऱ्याने मागे वळून फाटक कोणाचे होते ते पाहावे की नाही.

परंतु यावरून कोणी असे समजू नये की देवाच्या दारी आलेले अन्न पूरग्रस्तांकडे जाऊ नये. उलट ते गेलेच पाहिजे, आणि ते का, हे सांगण्यासाठी आपल्या नद्यांकडे वळतो.

सह्याद्रीच्या ज्या कड्यांखाली आपण राहतो तेथला पाऊस आपल्याकडे थांबत नाही. 25 जुलै 2024 रोजी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीत साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. त्याच पहाटे खडकवासल्यातून सोडलेले पाणी पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीत शिरले आणि झोपेतली माणसे खडबडून उठली. टेमघरच्या डोंगरावर पडलेला पाऊस मुठेने तेथे नेला होता. मुळशीच्या जलाशयाचे पाणी एरवी कडा उतरून कोकणात भिऱ्याच्या वीजगृहाकडे जाते, पण धरण भरले की ते मुळेत सोडावे लागते. मुळा-मुठा पुण्याच्या संगमावर एक होऊन भीमेला मिळतात, भीमा उजनीतून पंढरपुरास जाते आणि तेथे चंद्रभागा होते. आषाढात आपल्या छपरावरून ओघळलेले पाणी पुंडलिकाच्या देवळाला वेढा घालते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आणखी पुढे, सोलापूर जिल्ह्याच्या टोकाला हत्तरसंग कुडल येथे, भीमेला सीना मिळते. जुन्या मराठी शिलालेखामुळे हे संगमस्थान अभ्यासकांना परिचित आहे. 2025 च्या सप्टेंबरात ज्या सीनेने माढा-मोहोळ बुडविले, तिची आणि आपल्या मुळेची तेथे गाठ पडते.

एका नदीच्या माणसांचे एकमेकांशी नाते काय, याचे उत्तर शास्त्रात शोधण्याची मला गरज वाटत नाही. वरच्या अंगाला राहणाऱ्याने पावसाकडे पाहताना खालच्याचा विचार करावा, एवढे तरी त्यात येतेच.

मुळशीला या नात्याची दुसरी बाजूही ठाऊक आहे. 1921 च्या रामनवमीला, 16 एप्रिल रोजी, टाटांच्या धरणाविरुद्ध येथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती ही पदवी जनतेने याच लढ्यात दिली. 1924 पर्यंत झगडा चालला, शेवटी धरण झाले, मावळ्यांची सुमारे पन्नास गावे आणि आंबेमोहोराची खाचरे पाण्याखाली गेली, आणि त्या पाण्याच्या विजेवर मुंबई चालू लागली. पूर आठ-दहा दिवसांत ओसरतो, हा पूर शंभर वर्षांत ओसरलेला नाही. माझ्या आजीचे माहेर त्या पाण्यात आहे. लोककल्याणासाठी तुम्ही त्याग केलात, असे भाषणांत सांगितले जाते. आजी म्हणत असे, "त्याग केला नाही, आमच्याकडून घेतला." न विचारता घेतलेल्या वाट्याला दान म्हणू नये, हे मला त्या गृहस्थांच्या कितीतरी आधी आजीने सांगितले होते, माझ्या लक्षात आले नव्हते.

तीच आजी 12 जुलै 1961 नंतर काय वागली, ते आमच्या घरात अजून सांगितले जाते. त्या दिवशी सकाळी पानशेतचे अर्धवट अवस्थेतील मातीचे धरण फुटले, दुपारी खडकवासल्याचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून धरण काही तास तोलून धरले, त्यामुळे लोंढा रात्री न येता दिवसा आला आणि हजारोंचे प्राण वाचले, असे जुने पुणेकर कृतज्ञतेने सांगतात. नारायण पेठेतील आमचे दूरचे आप्त, सात माणसे, अंगावरच्या वस्त्रांनिशी चौथ्या दिवशी आमच्या वाडीवर आली. तो आवणीचा काळ होता. भातवाल्या घरात जुलै म्हणजे कणगी तळाशी गेलेली. आजीने शिल्लक तांदूळ मापाने मोजला, दिवाळीपर्यंतचे दिवस मोजले आणि सर्वांच्या देखत सांगितले की उद्यापासून रात्री भाताऐवजी नाचणीची भाकरी. आपल्या माणसांसाठी वेगळे आणि आलेल्यांसाठी वेगळे असे काही केले नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्या पेठेतल्या बायकांना गुडघाभर चिखलात आवणीला नेले.

शेजारणींनी नावे ठेवली. घर वाहून गेलेल्या माणसांना कोणी कामाला जुंपते काय? आजीचे म्हणणे निराळे होते. पाहुणे म्हणून बसवले असते तर चौथ्या दिवशी त्यांना घास गिळवला नसता. रोपे लावली म्हणजे भातावर त्यांचाही हक्क झाला. ती मंडळी श्रावण संपेपर्यंत राहिली, नंतर सरकारने बांधलेल्या पूरग्रस्त वसाहतीत गेली. त्यांच्या घरातील एक वृद्धा पुढे वीस वर्षे दर दिवाळीला आमच्याकडे येत असे आणि आल्याबरोबर विचारत असे, "आमचे खाचर कसे आहे?"

दानशास्त्रावर पुष्कळ लिहिले गेले आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात देश, काल आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेल्या दानाला सात्त्विक म्हटले आहे, आणि अनादराने दिलेले तामस ठरवले आहे. ही प्रतवारी देणाऱ्याच्या मनाची आहे. घेणाऱ्याच्या मनाचे काय होते, याचा विचार आजीच्या आमचे-तुमचे न करणाऱ्या मापात मला अधिक दिसतो. दानात देणाऱ्याचा हात वर असतो. वाटून खाताना सगळ्यांचे हात एका ताटात असतात.

घेणाऱ्याच्या मनाविषयी मी प्रत्यक्ष धडा घेतला तो ऑगस्ट 2019 मध्ये. कृष्णा, पंचगंगा, वारणा यांना महापूर आला, पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद राहिला, इकडे येणारे कोल्हापूर-सांगलीचे दूध अडले. ब्रह्मनाळ येथे बचावाची नाव उलटून माणसे गेली. नृसिंहवाडीला दत्ताच्या पादुकांवरून पाणी वाहून दक्षिणद्वारातून बाहेर पडते, तेव्हा त्यात स्नान करण्यास भाविक दुरून जातात. त्या वर्षी तेच पाणी मंदिर गिळून शिरोळ तालुक्यातील घराघरांत उभे राहिले.

पाणी उतरल्यावर आम्ही कपड्यांची गाठोडी घेऊन त्या तालुक्यातील एका गावी गेलो. एसटीच्या थांब्यापाशी आमच्या आधी आलेल्या कपड्यांचा ढीग कमरेइतका उंच झाला होता. पावसात भिजून त्याला वास सुटला होता. फाटके परकर, बटणे नसलेले सदरे, एका बाजूला तर कोणाच्या लग्नातील जरीची शेरवानी. आमची गाठोडी कोठे उतरवावीत असे एका बाईंना विचारले. त्या घरातला चिखल ताटलीने उपसत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारले, "दादा, खराटा हाय का? घमेलं हाय का?"

नव्हते. आम्ही विचारून आलोच नव्हतो. आमच्या घरी जे नको होते ते घेऊन आलो होतो.

त्या बाईंनी नंतर उंचावरच्या एका घरातून आमच्यासाठी चहा आणवला. गूळ घातलेला, बिनदुधाचा. आमच्यातला एक तरुण म्हणाला, राहू द्या, तुमच्याकडेच काही नाही. तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बदलला. "एवढं तरी घ्या की," असे त्या म्हणाल्या. आम्ही चहा घेतला. कपड्यांची गाठोडी परत आणावी लागली. खराटे, घमेली, फिनेल, मेणबत्त्या आणि मुलांच्या वह्या घेऊन आम्ही आठवड्याने पुन्हा गेलो.

आता एका अवघड गोष्टीकडे वळतो, कारण खिडकीशी हा विषयही निघतो. काही भाविक, आणि तेही सज्जन, असे म्हणतात की ज्याचे त्याचे प्रारब्ध असते, अथवा देवाचा कोप झाल्यावाचून असे संकट येत नाही. 15 जानेवारी 1934 च्या बिहार भूकंपानंतर महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल मिळालेला दंड असल्याचे म्हटले होते. स्वतः अस्पृश्यतेचे विरोधक असलेल्या रवींद्रनाथांनी त्यावर जाहीर हरकत घेतली. सृष्टीच्या घटनेला नीतीचा अर्थ चिकटविणे त्यांना अयोग्य वाटले, कारण अशा तर्काने कोणीही कोणाच्याही दुःखाला शिक्षा ठरवू शकेल. गांधीजींनी ती हरकत आपल्या हरिजन पत्रात छापली आणि तिला उत्तरही दिले. या वादात माझे मन रवींद्रनाथांकडे झुकते. 30 जुलै 2014 रोजी आपल्याच जिल्ह्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. त्यांत पाळण्यातली मुले होती. त्यांच्या प्रारब्धाचा हिशेब करण्याइतका अधिकारी पुरुष मला अजून भेटायचा आहे. प्रारब्ध हा शब्द आपल्यावर संकट आल्यावर मन स्थिर ठेवण्यासाठी पूर्वजांनी दिला. शेजाऱ्याच्या संकटाकडे पाहताना तो वापरणे म्हणजे स्वतःच्या दुखण्याचे औषध दुसऱ्याच्या जखमेवर ओतणे होय. आणि प्रारब्धच मानावयाचे तर ते पाहणाऱ्यालाही लागू नाही काय? आपल्या डोळ्यांसमोर ते घडले, हेही आपले प्रारब्धच.

लातूर-धाराशिवचा भूकंप झाला तेव्हा मी कला शाखेची पदवी घेऊन घरी बसलो होतो. 30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट, आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपलेले. किल्लारी, सास्तूर ही नावे तोवर इकडे कोणास माहीत नव्हती. पुण्याहून शेकड्यांनी गाड्या गेल्या. दहा-बारा दिवसांनी त्या आटल्या, तसे नेहमीच होते आणि त्यात दोष द्यावा असे काही नाही, माणसाला आपला संसार असतो. परंतु भारतीय जैन संघटनेने त्या भागातील सुमारे 1200 मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. वाघोलीत त्यांची शाळा व वसतिगृह उभे राहिले. टेम्पो एका दिवसात रिकामा होतो. दहा वर्षांच्या मुलाला वाटा द्यावयाचा तर तो पुढची दहा वर्षे रोज द्यावा लागतो, आजारपणात, परीक्षेत, दिवाळीच्या सुट्टीत घर नसलेल्या मुलाच्या रडण्यात. असे काम करणाऱ्यांची छायाचित्रे फारशी निघत नाहीत.

आमच्या नवमीच्या टेम्पोचे छायाचित्र मात्र कार्यालयात लावलेले होते. मी ते काढून ठेवले. ते लपविण्याचा हेतू नाही, कोणाला पाहावयाचे असल्यास दाखवीन.

विश्वस्त मंडळाच्या पुढच्या सभेत मी हा विषय लेखी मांडला. चर्चा बरीच झाली आणि ती सर्वच गोड नव्हती. एका सदस्यांचे म्हणणे असे की आग लागली असता बादली कोणाची हे विचारीत बसू नये. हे म्हणणे मला खोडता आले नाही, आजही येत नाही. दुसरे म्हणाले, आग विझल्यावर तरी बादली परत नेऊन द्यावी. शेवटी दोन गोष्टी ठरल्या. देणगीच्या पावतीवर आता एक ओळ छापलेली आहे : आपत्तीच्या प्रसंगी ही रक्कम वा त्यातून होणारे अन्न आपद्ग्रस्तांसाठी वापरण्यास माझी संमती आहे किंवा नाही. देणगीदाराने स्वतः खूण करावयाची आहे. कोणी नाही अशी खूण केली तर कारण विचारू नये, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नये, अशी सूचना मी खिडकीवरील कर्मचाऱ्यांना दिली आहे. आतापर्यंत दोन्ही प्रकारच्या खुणा झाल्या आहेत. एका आजींनी पेन हाती घेऊन बराच वेळ विचार केला आणि देणगीची रक्कम दोन पावत्यांत विभागून मागितली.

दुसरे असे की त्या गृहस्थांना विश्वस्तांच्या सह्यांनी क्षमापत्र पाठविले, आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावाने पुढील नवमीचा गोडाचा प्रसाद विश्वस्तांनी स्वखर्चाने करण्याची तयारी कळविली. देवस्थानच्या निधीतून नव्हे, हे पत्रात स्पष्ट लिहिले होते. माझाही त्यात वाटा होता.

पत्राचे उत्तर बरेच दिवस आले नाही. नंतर एका दुपारी कार्यालयात त्यांचा दूरध्वनी आला. स्वखर्चाचा प्रसाद नको, असे ते म्हणाले, आई अशी वसुली करणारी नव्हती. थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, "ते तांदूळ आणि तो गूळ कोणत्या गावात शिजला, एवढे सांगाल का? एकदा जाऊन त्या गावाला पाहून यावे म्हणतो."

मला सांगता आले नाही. आमचा टेम्पो माढा तालुक्यातील मदत केंद्रावर रिकामा झाला होता आणि तेथे सगळ्यांची पोती एकत्र रचली होती. उतरवून घेतल्याची चिठ्ठी आमच्याकडे आहे, तिच्यावर सही आहे, गावाचे नाव नाही. चौकशी करून कळवितो, असे मी त्यांना सांगितले. चिठ्ठीवर सही करणाऱ्यांचा ठावठिकाणा मिळाला आहे. त्यांना पत्र लिहिले असून उत्तराची वाट पाहत आहे.